कडा गुळगुळीत मानू

सेंदाईहून आलेलं पत्र तीन ओळींचं:
शून्य पूर्णांक तीन केल्विनपर्यंत उतरलो.
स्फटिकाच्या कडेवर प्रवाह दिसला नाही.
क्षमस्व.

दोन वर्षं, एकशे चाळीस पानं
मी त्या कडेवर ठेवून बसले होते.
पेन्सिलीनं.
शाईला माझ्या चुका परवडत नाहीत.

ताळगावच्या पठारावरून उतरले,
रायबंदरला फेरीत उभी राहिले स्कूटर धरून.
मांडवीला काही विचारलं नाही.
दिवाडीला पोचेपर्यंत ओहोटी लागली होती
आणि रोकीबाब मानशीवर गुडघाभर चिखलात.

त्याला मागे एकदा सांगितलं होतं:
काही पदार्थ आतून बंद असतात, घट्ट,
वीज आत पाऊल टाकत नाही.
कडेवर मात्र चालते, फक्त कडेवर, एकाच दिशेनं.
खाच पाडा, ओरखडा काढा,
ती वळसा घालते आणि पुढे.
तिची वाट मोडायची तर सगळा पदार्थच दुसरा करावा लागतो.
तो म्हणाला होता,
'म्हणल्यार बांदार चलपी मनीस.'
मी ते वहीत लिहून ठेवलं, तारखेसकट.

वर्गात मी पदेराचं काकण नेते.
दाबा, पिळा, चहात बुडवा, भोक एकच.
पाऊण भोक नसतं, सव्वा भोक नसतं.
तास संपला की प्रमेय कुणीतरी खाऊन टाकतं.

आणि जोड्या.
एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉन थंडीत जोडीनं निघतात, हे जुनं झालं;
अणूंच्या जाळीची थरथर मध्यस्थी करते,
बघून केलेल्या लग्नासारखं,
चारी दिशांना सारखंच.
माझ्या स्फटिकातल्या जोड्या तशा नव्हेत.
अंतर राखून एकमेकांभोवती फिरतात.
अर्ध्या वळणावर चिन्ह उलटतं, अधिकचं उणे,
पुऱ्या वळणावर परत अधिक.
काळ उलटा फिरवला तर त्या उलट फिरतील.
म्हणजे कालचं आणि उद्याचं यात फरक आहे
हे एका करड्या खड्याला कळतं, तांदळाच्या कणीएवढ्या.
इथे मी नेहमी थांबते.
इथेच मुलं फोन बघतात.

पण दिसला नाही, म्हणे.

रोकीबाब बांधात हात खुपसून उभा.
कोपरापर्यंत आत.
कुर्लीचं बीळ.
'हें पळय,' म्हणाला, 'आणि हें. आणि थंय.'
पेंढा कोंबायचा, वर चिखल थापायचा,
उद्या दुसरीकडे नवं.
लांबून बघितलेला बांध सरळ रेघ असतो.
जवळून बघितला तर त्यात भोकं, मुळं, शंख,
एक फाटकी चप्पल,
आणि त्याच्या बापाच्या हातचे दगड, कोण कसे बसवलेले.

वाट टिकते, हे खरं.
पण वाटेवरून किती जण चालतील
हे वाट सांगत नाही.

रात्री एक्याण्णवावं पान काढलं.
वरून चौथी ओळ, माझंच अक्षर, घाईतलं,
बहुधा शेवटची फेरी गाठायची होती त्या दिवशी:
कडा गुळगुळीत मानू.

तीन शब्द.
त्यांच्यावर एकोणपन्नास पानं उभी.

प्रवाह असेलही, मापकाला दिसेल एवढा नसेल.
किंवा नसेलच.
ही पळवाट आहे की वाट, मला आज सांगता येत नाही;
परीक्षक पहिलाच शब्द वापरतील.

सेंदाईला लिहिलं:
स्फटिक कापलात तेव्हा कडा कशी दिसत होती?
फोटो असेल तर पाठवा.
पॉलिश करण्याआधीचा.

मग नखांतला चिखल काढत बसले.
बाहेर भरती चढत होती,
आणि मानशीची दारं,
कुणी हात न लावता,
पाण्याच्याच रेट्यानं मिटत होती.
एक पुरतं मिटत नव्हतं.
त्याचा आवाज येत राहिला.